जुन्या गाडीचे ब्रेक सुधारायचे तर सुरुवात कुठून करावी

जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्याला आजच्या रहदारीत एक धास्ती कायम असते. पुढची नवी गाडी कचकन थांबते आणि आपली अजून थांबायचीच असते. मग डोक्यात पहिला विचार येतो तो डिस्क ब्रेकचा, म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटून थांबवणाऱ्या ब्रेकचा. विचार चुकीचा नाही, पण त्याची वेळ बहुतेकदा चुकते. माझंही तसंच झालं होतं. ब्रेक दाबला की माझी गाडी डावीकडे ओढायची, आणि मी डिस्कचं सामान कुठे मिळेल ते शोधत होतो. एका मेकॅनिकने गाडीतल्या ड्रम ब्रेकलाच, म्हणजे चाकासोबत फिरणारं पोकळ भांडं आतून दाबून थांबवणाऱ्या जुन्या प्रकारालाच, दोष देऊन मोकळं केलं होतं. शेवटी गाडी उचलून स्वतः चाकं फिरवून पाहिली. पॅडल सोडल्यावरही उजवं पुढचं चाक बराच वेळ जखडलेलं राहत होतं. त्या बाजूचा रबरी होज आतून फुगून जवळजवळ बंद झाला होता. ब्रेक ऑइल तिकडे उशिरा पोचायचं आणि परतही उशिरा यायचं. दोन होज बदलले आणि गाडी सरळ थांबायला लागली.

म्हणून डिस्ककडे वळण्याआधी ब्रेक नेमकं काय करतो ते पाहू.

ब्रेकचं काम एकच: गाडीच्या वेगात साठलेल्या ऊर्जेची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. १००० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा असते. साध्या तापमानाचं लिटरभर पाणी उकळायला लागते त्यापेक्षा ही उष्णता जास्त आहे. चांगल्या कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर ती साधारण साडेतीन सेकंदांत चार चाकांत उतरते. हिशोब केला तर ही सरासरी १५० अश्वशक्ती होते. कित्येक जुन्या गाड्यांच्या इंजिनांना याच्या निम्मीही ताकद नसते. म्हणजे गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र पुढच्या झाकणाखाली नसतं, ते चाकांच्या आत असतं.

वेग निम्मा केला की ऊर्जा चौथा हिस्सा उरते. ताशी ५० ला तीच गाडी ९६ किलोज्यूल बाळगते. त्यामुळे गावात चालवताना "ब्रेक मस्त आहेत" असं वाटणारी गाडी हमरस्त्यावर किंवा घाटात वेगळीच वागते. ब्रेकची खरी परीक्षा पहिल्या दाबाला होत नाही. घाट उतरताना ब्रेक थंड व्हायला उसंत मिळत नाही, तेव्हा आठव्या-दहाव्या दाबाला ती होते.

आता एक गोष्ट, जी पचायला जड जाते. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो. तुमचे आत्ताचे ब्रेक थंड असताना चारही चाकं लॉक, म्हणजे फिरायची पूर्ण बंद, करू शकत असतील, तर त्याहून मोठे ब्रेक बसवून एका दाबात थांबण्याचं अंतर फारसं कमी होणार नाही. पकड संपली की संपली. मोठे ब्रेक उपयोगी पडतात ते उष्णता पचवायला आणि पॅडलवर पायाचा अंदाज नीट बसायला. म्हणून सगळ्यात आधी टायरकडे बघा. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंकी आकडा असतो. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी छान खोल आहे पण रबर दहा वर्षांचं आणि दगडासारखं कडक, अशी स्थिती कमी धावणाऱ्या जुन्या गाड्यांत हमखास आढळते. अशा टायरवर जगातले उत्तम ब्रेक लावले तरी गाडी घसरतच जाईल.

आहे ते आधी नीट करा

ड्रम ब्रेकला आपण उगाच नावं ठेवतो. तो हुशार यंत्र आहे. शू, म्हणजे ड्रमच्या आतली अर्धगोल पट्टी, ड्रमला घासला की ड्रमची फिरण्याची गती पुढच्या शूला आणखी आत ओढून घेते, त्यामुळे पायाचा जोर आपोआप वाढतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरशिवाय जड गाड्या थांबत होत्या त्या या गुणामुळे. त्याचं खरं दुखणं उष्णता आहे. ड्रम तापला की फुगतो, आणि फुगतो तो शूपासून दूर. २३० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढतो. तेवढं अंतर भरून काढायला पॅडल खाली खाली जातं. त्याच वेळी लायनरचं, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराचं, घर्षणही उष्णतेने कमी होतं. पाय टेकवून दाबला तरी गाडी पूर्वीसारखी धरत नाही, ती यामुळे.

पण बऱ्याच जुन्या गाड्यांचे ड्रम त्यांच्या मूळ क्षमतेच्या जवळपासही काम करत नसतात. कारणं अगदी साधी असतात. शू ॲडजस्ट केलेले नसतात, त्यामुळे अर्धं पॅडल नुसतं अंतर कापण्यात जातं. व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकापाशी शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर गळून लायनर तेलकट झालेलं असतं. किंवा ड्रम दोनदा लेथवर चढून आतून मोठा झालेला असतो आणि त्यात नवीन शू मूळ गोलाईचेच बसवलेले असतात. मग शूचा फक्त मधला पट्टा ड्रमला लागतो. शू काढून लायनरवरची चमक बघा, कुठे घासलंय ते लगेच कळतं. लायनर ड्रमच्या गोलाईप्रमाणे घासून घेतलं की त्याच ब्रेकमध्ये जीव येतो. ड्रमवर किंवा डिस्कच्या कडेवर बऱ्याचदा कंपनीने मर्यादेचा आकडा ओतलेला असतो. ड्रमसाठी तो जास्तीत जास्त व्यास असतो, डिस्कसाठी कमीत कमी जाडी. ती मर्यादा ओलांडलेली असेल तर तो भाग भंगारातच जायला हवा.

इथे एक कळकळीची सूचना. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नका, तोंडाने फुंकरही मारू नका. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारून ओली करून काढा. ही धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते, आणि तिचे आजार कित्येक वर्षांनी उमटतात.

मग ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल तेल नसतं, ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १४० पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड, म्हणजे घासणारे तुकडे, दाबणारा भाग) किंवा व्हील सिलिंडर तापला, आतलं ऑइल उकळलं, की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पॅडल सरळ तळाला जातं. सगळ्यात फसवी गोष्ट अशी की अर्ध्या तासाने ब्रेक थंड झाला की पॅडल पुन्हा पहिल्यासारखं होतं आणि तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित ब्रेक अपग्रेड आहे. डॉट ५ म्हणजे सिलिकॉन. ते नेहमीच्या ऑइलमध्ये मिसळत नाही, तेव्हा नुसता मोठा आकडा पाहून ते ब्रेक ऑइलच्या टाकीत ओतू नका. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलच्याच जातीचं आहे.

होजबद्दल वर सांगितलंच. वीस वर्षांचा होज बाहेरून ठीक दिसला तरी बदला. लोखंडी पाइप चॅसीच्या क्लिपांखाली गंजतात, तिथे क्लिप सोडूनच बघायला हवं. नवे पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घेतले तर गंजाचा प्रश्न मिटतो आणि ते हाताने नीट वळतात. साधं तांबं नको. ते गाडीच्या थरथरीने कडक होऊन तडकतं.

एक पाइप फुटला तर?

जुन्या गाडीत करायच्या सगळ्या सुधारणांपैकी एकच करायला मिळाली, तर मी डिस्क निवडणार नाही, दुहेरी मास्टर सिलिंडर निवडेन. मास्टर सिलिंडर म्हणजे पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा पंप. १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट असायचं. एक होज फुटला, एक व्हील सिलिंडर गळला, की चारही ब्रेक एकदम गेले आणि हाताशी उरला फक्त हँडब्रेक. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि दोघांचं ऑइल वेगळं. एक बाजू गेली तर पॅडल बरंच खाली जातं, पण दुसरी बाजू गाडी थांबवते. तुमच्या गाडीच्या मास्टर सिलिंडरमधून एकच पाइप निघून पुढे फाटे फुटत असतील, तर बाकी काहीही करण्याआधी हे काम करा.

आता डिस्क

१९५३ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या सी-टाइप गाड्या डिस्क ब्रेक लावून उतरल्या आणि जिंकल्या. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी त्यांना इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येत होता, आणि तासन् तास तसाच लावता येत होता. दोनच वर्षांनी सिट्रोएन डीएस पुढच्या डिस्क ब्रेकसह बाजारात आली. डिस्कचं बलस्थान तेच, जे ड्रमचं दुखणं. ती उघड्यावर असते, वारा थेट लागतो, आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. पॅडल लांब जात नाही.

पण डिस्ककडे ड्रमची स्वतःहून आत ओढून घेण्याची खुबी नाही. जेवढं दाबाल तेवढंच. म्हणून तिला खूप जास्त दाब लागतो, आणि डिस्क बसवणाऱ्यांची बहुतेक निराशा इथून सुरू होते. आकडे मांडू. पायाचा जोर ३० किलो. पॅडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरवर १५० किलो. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर, म्हणून पाइपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ५३ किलोच्या आसपास. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा असेल तर तो पॅडला सुमारे १२०० किलोने ढकलेल. आता कोणी सांगितलं की मोठा मास्टर सिलिंडर लावा, ब्रेक दणकट होतील, आणि तुम्ही २२ मिलिमीटरचा लावला. तोच पाय, तीच तरफ, पण दाब उतरून ३९-४० किलोवर येतो आणि पॅडवरचा जोर ९०० किलोवर. पॅडल मात्र उंच आणि कडक लागतं, म्हणून हाताळणाऱ्याला वाटतं ब्रेक सुधारले. प्रत्यक्षात ते पाव हिश्श्याने कमजोर झाले.

उलट टोकही वाईटच. सिलिंडर फार लहान ठेवला तर जोर भरपूर मिळतो, पण मोठे कॅलिपर भरायला ऑइल पुरत नाही आणि पॅडल तळाला टेकतं. कडक पॅडल आणि ताकदवान ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींच्या मधला व्यास निवडायचा असतो, आणि जिथे पाय पुरत नाही तिथे बूस्टर लावायचा. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याच्या पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला हवा आली की हवेचा दाब तुमच्या पायाला मदत करतो. त्यामुळे तेज कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलेल्या, कमी व्हॅक्यूम देणाऱ्या इंजिनावर तो अर्धवट काम करतो. डिझेलवर तर वेगळा व्हॅक्यूम पंपच लागतो. बूस्टर बसवायला जागा नसेल तर पॅडलची तरफ पाहा. बूस्टरशिवायच्या गाडीत ती साधारण सहापट आणि बूस्टर असलेल्या गाडीत चारपट असते. चारपटीचं पॅडल ठेवून बूस्टर काढून टाकलेली गाडी थांबवायला दोन्ही पाय लागतील.

पुढचं आणि मागचं

हा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक गाडी गरागरा फिरवते.

ब्रेक लावला की गाडी नाक खाली करते. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. चाकांमधलं अंतर २.४ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर धरा. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर गाडीच्या वजनाचा सुमारे १८ टक्के भाग मागून पुढे सरकतो. उभी असताना पुढे ५५ आणि मागे ४५ टक्के वजन असलेली गाडी त्या क्षणी ७३ आणि २७ अशी होते. म्हणजे मागच्या चाकांना फार थोडी पकड उरते, आणि तिथे जास्त ब्रेक पोचला तर ती आधी लॉक होतात. पुढची लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि गाडी फिरते. म्हणून पुढची चाकं आधी लॉक होणं हा पाळायचाच नियम.

कंपनीने हा तोल त्या गाडीसाठी जमवलेला असतो. तुम्ही फक्त मागे डिस्क लावल्या, किंवा मागच्या व्हील सिलिंडरचा व्यास वाढवला, की तो बिघडतो. पुढचे ब्रेक वाढवले तर तोल पुढे सरकतो. ते सुरक्षित आहे, पण मग मागचे ब्रेक जवळजवळ बसून राहतात आणि पुढची चाकं लवकर लॉक होतात. अशा वेळी मागच्या पाइपात ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावतात. तो ठराविक दाबानंतर मागचा दाब हळू चढू देतो. तो मागचा दाब फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. आणि पुढच्या पाइपात तो कधीच लावायचा नाही. रोजच्या वापराच्या जुन्या गाडीसाठी माझं मत ठाम आहे: पुढे डिस्क, मागे मूळ ड्रम. मागचे ड्रम त्या हलक्या कामाला पुरतात आणि हँडब्रेकला डिस्कपेक्षा चांगले धरतात. मागच्या डिस्क बसवून चढावर गाडी न धरणारा हँडब्रेक पदरी पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक लहानशी गोष्ट अनेकांना छळते. ड्रमच्या जमान्यातल्या काही मास्टर सिलिंडरांत तोंडापाशी एक व्हॉल्व्ह दडलेला असतो, जो पाइपात थोडा दाब कायम धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरची रबरं नीट चिकटून राहतात. ड्रमच्या शूंना परत ओढायला स्प्रिंग असते, डिस्कच्या पॅडला नसते. तोच सिलिंडर ठेवून पुढे डिस्क लावल्या तर पॅड कायम घासत राहतात आणि चाकं तापतात. डिस्कच्या बाजूचा हा व्हॉल्व्ह काढावाच लागतो.

कॅलिपर आला की चाकाच्या रिंगचा (रिमचा) आतला व्यास पुरतो का ते आधी मोजा. वेगळ्या मॉडेलचा हब (चाक जिथे बसतं तो मधला भाग) वापरून डिस्क बसवली तर चाक काही मिलिमीटर बाहेर सरकू शकतं. मग स्टिअरिंग जड होतं आणि टायर मडगार्डला घासतो. छिद्रं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण लोखंडाला छिद्रापासूनच तडे जातात. साधी, शक्य असेल तर मधून हवा खेळणारी डिस्क घ्या. आणि असा बदल तुमच्याकडच्या नियमांत आणि विम्यात बसतो का, हे सामान घेण्याआधी विचारून ठेवा.

बसवताना

बसवून झाल्यावर पॅडल काही केल्या कडक होत नाही, हवा काढून काढून माणूस थकतो, तेव्हा आधी कॅलिपरकडे बघा. हवा काढायचा निपल वरच्या बाजूला आहे का? डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली जातो आणि वर साठलेली हवा जन्मात निघत नाही. दुसरा संशयित चाकाचं बेअरिंग. ते ढिलं असेल तर वळणावर डिस्क हलून पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या वेळी पॅडल एकदम लांब जातं. बसवण्याआधी हबच्या टेकायच्या जागेवरचा गंज पूर्ण घासून काढा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तरी डिस्क तिरकी बसते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून फिरवली तर ती ०.१ मिलिमीटरच्या आतच हलायला हवी.

पॅडल आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमधल्या दांड्याला मोकळी जागा, साधारण एक मिलिमीटर, हवीच. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि ब्रेक गरम झाला की फुगलेलं ऑइल स्वतःच ब्रेक लावून धरतं. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी जड चालायला लागली, चाकं भाजतील इतकी तापली, आणि थंड झाल्यावर सगळं ठीक झालं, तर हेच बघा.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये थोडं अंतर चालवा, पूर्ण थांबू नका. गरम पॅड एका जागी दाबून ठेवले तर तिथे डाग उमटतो आणि पुढे पॅडल थरथरतं, ज्याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात. शेवटी ब्रेक न दाबता दहा मिनिटं चालवून थंड होऊ द्या. तोल तपासायचा तर रिकाम्या, बंद मैदानात, कमी वेगाने, बाहेर कुणाला तरी उभं करून कुठली चाकं आधी अडतात ते पाहायला सांगा.

त्यानंतरचा आठवडाभर रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघत जा: टाकीतलं ऑइल, चारही चाकांच्या आतली बाजू कोरडी आहे का, आणि पॅडल पाय ठेवून मिनिटभर दाबून धरलं तर जागेवर राहतं की हळूहळू बुडतं. बुडत असेल तर गाडी बाहेर काढू नका.